अळीवाले अप्पा

हिमायतनगरच्या बसस्थानकासमोर बी-बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांची सात दुकानं आहेत. सहा दुकानांत गिऱ्हाईक गेलं की त्याला औषध मिळतं. सातव्यात गेलं की आधी त्याची उलटतपासणी होते. कशावर मारायचंय, अळी डोळ्यानं बघितली का, बघितली तर कोणत्या रंगाची होती, मागच्या आठवड्यात काय मारलं होतं, आणि ते मारून अळी मेली नाही तर परत तेच कशाला मागता. एवढं झाल्यावर वर अर्धा तास ऐकून घ्यावं लागतं आणि शेवटी दुकानदारच सांगतो, "जावा घरी. आठ दिवस काही मारू नका." गिऱ्हाईक मान हलवून बाहेर पडतं आणि शेजारच्या दुकानातून तेच औषध घेऊन गावाकडची जीप पकडतं. हे सातवं दुकान मल्लिनाथअप्पांचं.

अप्पा मूळचे उदगीरचे. तीस वर्षांपूर्वी मामांच्या दुकानात हाताखाली म्हणून आले आणि मामा गेल्यावर तेच मालक झाले. वय चोपन्न, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, नाकावर राग. तालुक्यात त्यांना सगळे 'अळीवाले अप्पा' म्हणतात, कारण बोंड फोडून आतली अळी दाखवल्याशिवाय ते कुणाशी धड बोलत नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. एकदा त्यांनी नवरदेवाच्या मामाला जेवता जेवता गुलाबी बोंडअळीच्या पाच पिढ्या समजावून सांगितल्या आणि त्या भल्या माणसानं जिलेबी तशीच ठेवून हात धुतले.

माणूस असा का झाला, हे ठाऊक असलेले लोक थोडे. अप्पा स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यात चूक त्यांचीच आहे, आणि ती त्यांनी एकदा नाही, दहा-बारा हंगाम, दिवसातून चाळीस वेळा केलेली आहे.

बीटी कपाशी नवीन आली तेव्हा बियाण्याच्या पिशवीबरोबर एक लहान पुडी यायची. पिशवीतल्या बियाण्याच्या झाडात बोंडअळीला मारणारं विष जन्मजातच असायचं. पुडीतली सरकी मात्र साधी, बिनविषाची. ती रानाच्या कडेनं लावायची, असं पुडीवर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. शेतकरी विचारायचा, "अप्पा, ही पुडी कशाची हो?" आणि अप्पा पिशवीला दोरी बांधता बांधता म्हणायचे, "काही कामाची न्हाई. साधी सरकी हाय, तिच्यावर अळी पडती. फेकून द्या." शेतकऱ्याला ते लगेच पटायचं. अळी पडणारी कपाशी मुद्दाम कोण लावील? बरेच जण पुडी काउंटरवरच सोडून जायचे आणि जून संपेपर्यंत दुकानाच्या कोपऱ्यात पुड्यांचा ढीग लागायचा.

त्या ढिगाला गिऱ्हाईक एकच होतं, शेलमाळच्या उमाबाई. शेलमाळ हिमायतनगरपासून सात-आठ किलोमीटरवर. उमाबाईंचं तिथं दीड एकर रान. नवरा लवकर गेलेला, दोन्ही लेकी सासरी. गावातल्या महादेवाच्या देवळात वर्षभर ज्या वाती जळायच्या त्या उमाबाईंच्या हातच्या, आणि त्यांचं म्हणणं असं की विषाच्या झाडाचा कापूस देवाम्होरं लावायचा न्हाई. म्हणून त्या दर जूनला दुकानात यायच्या, कोपऱ्यातल्या पुड्या पदरात घालून न्यायच्या आणि एक एकर साधी कपाशी लावायच्या. तिच्यावर अळी पडायची. उमाबाई सकाळी उठून किडकी बोंडं हातानं तोडायच्या, उरलेल्यात भागवायच्या. गाव हसायचं. अप्पाही हसायचे. बऱ्याच वर्षांनी कंपन्यांनी वेगळी पुडी देणं बंद केलं आणि साधं बी मोठ्या पिशवीतच नावापुरतं मिसळून द्यायला सुरुवात केली, तेव्हा उमाबाईंनी वातींसाठी कापूस वेगळा करताना उरलेली स्वतःचीच सरकी धरून ठेवायला सुरुवात केली.

त्याआधी मात्र २०१७ साल आलं. कपाशी बाहेरून हिरवीगार, बोंडं टपोरी, आणि फोडलं की आत गुलाबी अळी गाढ झोपलेली. ज्या अळीचं नाव लोक विसरत चालले होते, तीच आता विषाच्या झाडावर बसून विषाचं झाड खात होती. शेतकऱ्यांनी बोंडं आणून अप्पांच्या काउंटरवर ओतली. अप्पांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला, त्यानं तो उचलला नाही. अप्पांनी बियाणं बोगस म्हटलं, हवामानाला दोष दिला, धुक्याला दिला, शेवटी शेतकऱ्यांनाही दिला. दोन वर्षं ते नुसते चिडून होते आणि कशावर चिडलोय हे त्यांना स्वतःलाच धड सांगता येत नव्हतं.

पुढं बियाणं-औषधं विकणाऱ्या दुकानदारांसाठी वर्षभराचा एक अभ्यासक्रम निघाला. दर रविवारी नांदेडला जायचं, पन्नाशीच्या माणसांनी बाकावर बसायचं. कीटकशास्त्र शिकवायला राजश्री मॅडम होत्या, बारीक आवाजाच्या, पण कुणाला सोडायच्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'उत्क्रांती' असं लिहिलं तेव्हा मागून उमरीचा एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, माणूस माकडापासून झाला म्हणतात, मग आजची माकडं माणूस का होईनात?"

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "आजचं माकड तुमचा आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. पणज्याच्या पणज्याच्याही मागं जाऊन दोघांचा पूर्वज एक. पण त्याला कोट्यवधी वर्षं लागली, ते तुम्ही बघायला गेला नव्हतात. तुमच्या डोळ्यांदेखत घडलं ते सांगते." आणि त्यांनी फळ्यावर एक अळी काढली.

त्या म्हणाल्या, औषध अळीला काही शिकवत नाही. अळी औषधाची सवय करून घेत नाही. लाखांत एखादी अळी मुळात जन्मतःच अशी असते की तिला ते विष बाधत नाही. पूर्वी तिचं तसं असणं कुणाला कळतही नव्हतं. तुम्ही सगळ्या रानात विषाचीच झाडं लावली, साध्या अळ्या मेल्या, आणि ती एकटी उरली. तिची पोरं तिच्यासारखी, त्यांची पोरं त्यांच्यासारखी. वर्षाला चार-पाच पिढ्या. दहा-बारा वर्षांत रान तिच्या गोताचं झालं.

"पण मॅडम," अप्पांनी विचारलं, "हिरवी बोंडअळी तर अजून बीटीवर मरती. तिला का न्हाई जमलं?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "हाच पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "विष एकच, रान एकच, वर्षं तेवढीच. पण हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. तिच्या साध्या अळ्या तिकडं विषाविना वाढतात आणि त्यांचे पतंग येऊन इकडच्या चिवट पतंगांशी जोड्या जमवतात. त्यांची पोरं बहुतेक विषानं मरणारीच निघतात. गुलाबी अळी कपाशीशिवाय जवळपास काहीच खात नाही. तिच्या साध्या अळ्यांना वाढायला जागा पाहिजे म्हणून तर पिशवीबरोबर ती पुडी दिली होती. ती पुडी कुणी लावली?"

 अप्पा परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि भोकर येईपर्यंत त्यांना शेजारच्यानं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. त्यांना लाज वाटत होती. इतकी वर्षं ज्या धंद्यात घालवली, त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आपण रोज आपल्याच तोंडानं उकिरड्यावर टाकायला सांगितली, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तेव्हापासून अप्पा असे झाले. एका तरी गावातून ही अळी हटवून दाखवायची, आपल्या हातानं जे बिघडलं त्यातलं निदान एक गाव आपल्या हातानं नीट करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. त्यासाठी त्यांनी शेलमाळ निवडलं. गाव लहान, कपाशी सगळ्यांची, आणि बियाणं जवळजवळ सगळं अप्पांच्याच दुकानातून गेलेलं.

मागणी एकच होती. डिसेंबर संपेपर्यंत कपाशी उपटायची, फरदड ठेवायची नाही. शेवटच्या वेचणीनंतर पाणी देऊन पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, तशीच मार्चपर्यंत उभी ठेवायची आणि वरचा थोडा कापूस काढायचा, याला फरदड म्हणतात. शेतकऱ्याला तो फुकटचा कापूस वाटतो. अळीला तो बारमाही जेवणाचा डबा असतो. चार-पाच महिने गावात कपाशीचं एक पान दिसू दिलं नाही तर कपाशीवरच जगणारी अळी उपाशी मरेल, हे अप्पा घसा फोडून सांगायचे. लोक म्हणायचे, "हाव अप्पा, बरोबर हाय." आणि जानेवारीत पाण्याच्या मोटारी चालू व्हायच्या. लोक वाद घालत असते तर अप्पांना बरं वाटलं असतं. या होकारानं ते पार हैराण झाले होते.

लेक सृष्टी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला होती. अप्पा रोज संध्याकाळी तिला फोन करायचे. एकदा त्यांनी विचारलं, "उत्क्रांतीचा धडा झाला का?"

"झाला. दोन तासांत संपवला. त्याच्यावर प्रश्न कमी येतात."

"दोन तासांत?" अप्पांचा आवाज चढला. "काय शिकवलं दोन तासांत?"

सृष्टीनं एका दमात म्हणून दाखवलं. जीवाश्मांचे पुरावे. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, माणसाचा हात, तिन्हींतली हाडं एकाच ठेवणीची. अक्कलदाढ, शेपटीचं उरलेलं हाड. माशाचा, कोंबडीचा, माणसाचा गर्भ सुरुवातीला सारखा दिसतो. मग म्हणाली, "ठेवू का, पप्पा? टेस्ट आहे."

अप्पांनी कपाळाला हात लावला. पोरीला सगळं पाठ होतं आणि काहीच दिसत नव्हतं, असं त्यांना वाटलं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात अप्पांनी स्वतः जाऊन शेलमाळच्या रानांत आठ कामगंध सापळे लावले. मादीचा वास असलेली गोळी सापळ्यात ठेवतात, नर पतंग त्या वासानं येऊन अडकतात. ते मोजले की रानात अळी किती वाढलीय याचा अंदाज येतो. अप्पा दर दोन दिवसांनी मोटारसायकलवर जायचे आणि पतंग मोजून वहीत लिहायचे. सात सापळ्यांत आठ-दहा, कधी बारा. आठवा सापळा उमाबाईंच्या बांधावर. त्यात चाळीस, पन्नास.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला राजश्री मॅडमचा फोन आला. त्यांना तपासणीसाठी वेगवेगळ्या रानांतली किडकी बोंडं पाहिजे होती. अप्पांनी पाच रानांतली बोंडं पाच पिशव्यांत भरून, नावं घालून नांदेडला पाठवली. उमाबाईंची पिशवी सगळ्यांत जड होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सृष्टीला आकडे सांगितले. "सगळ्या गावाचा रोग एका रानात हाय बघ. बाकीचे दहा आणि ह्या एकीचे पन्नास."

 सृष्टी म्हणाली, "पप्पा, पण ते पतंग कोणते आहेत? विषानं मरणारे, का न मरणारे?"

"आता पतंगाच्या पंखावर लिहिलेलं असतंय का ते?"

"तेच म्हणतेय मी. लिहिलेलं नसतं."

"तू तुझं पाठांतर कर," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी शेलमाळच्या देवळात बैठक झाली. गावातली निम्मी मंडळी बसलिंगप्पाच्या तोंडाकडं बघून वागायची. बसलिंगप्पाची वीस एकर कपाशी, दोन बोअर, आणि फरदडीचा सगळ्यांत मोठा शौकीन तोच. अप्पांनी आकडे वाचून दाखवले. बसलिंगप्पा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अप्पा, आमी डिसेंबरात काढतो. सगळं गाव काढील, शब्द हाय माझा. पर वहीत तुम्हीच लिवलंय, समद्यात जास्त किडा उमाबाईच्या रानात. आधी ते काढा. आत्ताच. न्हाईतर आमी आमची पऱ्हाटी उपटायची आणि तिथनं परत अळी यायची, ह्याला काय अर्थ हाय?"

उमाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. अप्पांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा बसलिंगप्पाकडं. सहा वर्षं घसा फोडून जे मिळालं नव्हतं ते सबंध गाव समोर ताटात वाढून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, "बरोबर हाय. किडीचं माहेर ते रान हाय."

"माझ्यामुळं गावाला तरास व्हतोय का, अप्पा?" उमाबाईंनी विचारलं.

"हाव."

"मग काढा," म्हणून उमाबाई पदर सावरत उठल्या. दोन दिवसांत बोंडांनी लगडलेली एक एकर कपाशी ट्रॅक्टरनं मोडली गेली. अप्पा स्वतः बांधावर उभे होते. ते तेवढ्यावरच थांबले नाहीत. गुलाबी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यात झोपून राहते, हे त्यांनी वर्गात लिहून घेतलं होतं. म्हणून उमाबाईंच्या घरातलं सरकीचं पोतंही त्यांनी बाहेर काढायला लावलं आणि बांधावर पेटवलं. पुस्तकाप्रमाणं सगळं बरोबर चाललं होतं.

बसलिंगप्पानं शब्द पाळला, हे सांगायला पाहिजे. एकतीस डिसेंबरला शेलमाळच्या शिवारात कपाशीचं एक झाड उभं नव्हतं. अप्पा मोकळ्या रानातून मोटारसायकल हळू चालवत हिंडले. त्या आठवड्यात त्यांनी दुकानात कुणालाही रागावलं नाही. एका गिऱ्हाइकानं मागितलं ते औषध त्यांनी न बोलता दिलं, तेव्हा त्यानं घाबरून विचारलं, "अप्पा, तब्येत बरी हाय ना?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात राजश्री मॅडमचा फोन आला. त्यांचा बारीक आवाज त्या दिवशी घाईत होता.

"अप्पा, तुम्ही पाठवलेल्या अळ्या आम्ही बीटीचं विष मिसळलेल्या खाद्यावर वाढवल्या. चार रानांतल्या शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जगल्या. ते आम्हाला अपेक्षितच होतं. पण ती पाचवी पिशवी, उमाबाई नावाची. तिच्यातल्या साठच्या वर मेल्या. इतक्या साध्या अळ्या आम्हाला आजकाल कुठंच मिळत नाहीत. ते रान कसलं आहे?"

अप्पांनी खुर्ची ओढली. "साधी कपाशी हाय, मॅडम. पुडीतली. वीस वर्षं ती बाई तीच लावती."

"म्हणजे तुमच्या गावात रेफ्युज होतं, आणि कुणाला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. साध्या अळ्यांसाठी राखलेल्या कपाशीला त्यांच्या पुस्तकात रेफ्युज म्हणतात, हे अप्पांना आता झोपेतही सांगता आलं असतं. "त्या रानाला हात लावू नका. त्यांना सांगा, जूनमध्ये तेच बी परत लावा. आजूबाजूच्यांनी डिसेंबरात कपाशी काढली आणि हे रान मधोमध राहिलं, तर चार-पाच वर्षांत काय फरक पडतो ते आपल्याला मोजता येईल. अप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," अप्पा म्हणाले. ते रान आता नाही, बीसुद्धा नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.  फोन ठेवल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिले. सापळ्यातले पन्नास पतंग त्यांनी बोटांनी मोजले होते. ते गावाचे वैरी नव्हते, गावातले शेवटचे साधे पतंग होते. चिवटांच्या गर्दीत जाऊन त्यांचं बीज मोडायला निघालेले. आणि ते ओळखायला लागणारा एकच प्रश्न लातूरच्या खोलीत बसलेल्या त्या पोरीनं विचारला होता, जिला काही दिसत नाही असं ते समजत होते. अप्पांना स्वतःचा इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

संध्याकाळी ते शेलमाळला गेले. उमाबाई ओसरीवर वाती वळत होत्या. पुढ्यात मेडिकलमधला निळ्या कागदातला कापसाचा गुंडाळा पडलेला. अप्पांनी विचारलं, घरात कुठं मूठभर सरकी उरली असेल का. डब्यात, गाडग्यात, कुठंही.

"तुम्हीच जाळली की," उमाबाई म्हणाल्या.

अप्पांनी मग सगळं सांगितलं. पतंगांच्या सोयरिकी सांगितल्या, चिवट वराला साधी वधू कशी मिळायला पाहिजे ते सांगितलं, मॅडमचा फोन सांगितला. उमाबाई वात वळायच्या थांबल्या.

"म्हंजी माझं रान चांगलं व्हतं?"

"हाव. गावात तेवढं एकच चांगलं होतं."

"मग हे मला का सांगून राहिला? देवळात सांगा की. तिथं तुमी उलटं बोलला व्हता."

अप्पांना ते कळत होतं आणि तेच नको होतं. गावानं पहिल्यांदा ऐकलं होतं. आता मीच चुकलो म्हणून सांगितलं तर पुढच्या डिसेंबरात कोण ऐकणार? नाही सांगितलं तर ही बाई मरेपर्यंत गावाला अळी लावणारी म्हणून राहणार. महिनाभर ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सृष्टीला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा, चुकीचा डेटा दुरुस्त करायचा असतो." तिला बोलायला काय जातंय, असं त्यांना वाटलं, आणि ती बरोबर आहे असंही वाटलं.

महाशिवरात्रीला देवळात सगळं गाव जमलं होतं. अप्पा उभे राहिले. मी चुकलो, असं त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं. मग पुड्या फेकायला मीच सांगायचो, हेही सांगितलं. उमाबाईंच्या रानातले पतंग गावाच्या फायद्याचे होते, ते मी मारायला लावले, त्या बाईंची काही चूक नव्हती. पुढं फरदडीचं मात्र तसंच आहे, ती ठेवायची नाही, तो हिशेब वेगळा आहे, हे त्यांनी तीनदा समजावलं. 

बसलिंगप्पानं घसा साफ केला. "म्हंजी अप्पा, आधी पुडी फेका. मग रान काढा. आता म्हणता ते रान चांगलं व्हतं. अळी ठेवायची का मारायची, एक काय ते सांगा."

"दोन्ही," अप्पा म्हणाले. "चिवट मारायची, साधी थोडी ठेवायची."

हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, दुकानदार माणूस, दोन्हीकडून विकतो. कुणी म्हणालं, मग आमची फरदड बी चांगलीच असंल, पुढल्या साली कळंल. अप्पा ओरडून सांगत राहिले, पण प्रसादाची ताटं आली आणि लोक उठले. उमाबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्या उठून घरी गेल्या.

अप्पांनी राजश्री मॅडमना खरं सांगितलं. मॅडमनी कुठूनतरी खटपट करून साध्या कपाशीचं एक किलो बी मिळवून दिलं. अप्पांनी ते कापडी पिशवीत बांधून, वर उमाबाईंचं नाव लिहून दुकानात ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उमाबाई दुकानात आल्या. गर्दी होती. अप्पांनी चार गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि ती पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. "साधी सरकी हाय. मॅडमनी मुद्दाम पाठवली तुमच्यासाठी."

उमाबाईंनी पिशवीला हात लावला नाही. "बीटीची एक पिशवी द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, ऐका. तुमचं रान..."

"चांगलं व्हतं. तुमी देवळात सांगितलं, मी ऐकलं. पर चार महिने पोरंसोरं मला अळीची आजी म्हणून राहिली व्हती, ते तुमी न्हाई ऐकलं. मागं तुमी पुडी फेका म्हणला, मी न्हाई फेकली, तवा मी येडी ठरले. मग रान काढा म्हणला, मी काढलं, तवाबी मीच येडी ठरले. आता गाव करतंय तेच करायचं. मला येडं राहायचं न्हाई, अप्पा."

"आणि देवाच्या वाती?"

"इकत मिळत्यात."

अप्पा बोलायला लागले. नेहमीसारखा घसा चढवून नाही, हात जोडून. सोयरिकी, पतंग, साठ मेलेल्या अळ्या, सगळं पुन्हा सांगितलं. थांबलेली चारही गिऱ्हाइकं ऐकत होती. उमाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला आणि पैसे काउंटरवर ठेवले. अप्पांनी मागच्या थप्पीतून पिशवी काढली, तिला दोरी बांधली आणि त्यांच्या हातात दिली.